कोंबडीला विचारून खुराडा बांधा

 

कोंबडीपालनाचा विषय गटाच्या बैठकीत निघाला की पहिला प्रश्न येतो, जात कोणती घ्यायची? दुसरा, पिल्लं कुठून आणायची? तिसरा, अनुदान किती? हे तिन्ही प्रश्न महत्त्वाचेच आहेत. पण खुराडा कसा बांधायचा हे शेवटी, चहा पिता पिता ठरतं. घरात चार जुने पत्रे पडलेत, एक मोडका दरवाजा आहे, थोडी जाळी आणू, झालं. आणि मग सहा महिन्यांनी तक्रारी सुरू होतात. कोंबड्या अंडी कमी देतात, अंडी फुटतात, एकमेकींना टोचून रक्त काढतात, एका रात्रीत मुंगूस पाच मारून गेलं. यातल्या निम्म्याहून जास्त तक्रारींचं मूळ खुराड्याच्या रचनेत असतं. म्हणून आजचं बोलणं खुराड्याविषयी आणि त्यात राहणारीच्या स्वभावाविषयी.

मी गोरेगाव ते बोरिवली या पट्ट्यात गटांचं काम बघते. मुंबईत कसल्या कोंबड्या, असं बाहेरगावच्या मैत्रिणी हसून विचारतात. पण आरे वसाहतीत आणि राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला आदिवासी पाडे आहेत. वारली आणि इतर कुटुंबं तिथे पिढ्यान् पिढ्या राहतात. घरामागे वाडी आहे, शेळ्या आहेत आणि कोंबड्या तर आहेतच. याच आरे दूध वसाहतीत केंद्र सरकारची कुक्कुट विकास संघटनाही आहे, तिच्या पश्चिम विभागाचं केंद्र. तिथे कोंबडीपालनाचं प्रशिक्षण मिळतं. म्हणजे एका बाजूला मेट्रो, उंच इमारती, आणि दुसऱ्या बाजूला कारवीच्या कुडाचं घर आणि डालग्याखाली कोंबडी. दोन्ही खरं आहे. इमारतीतल्या बायका गावरान अंडं शोधत असतात आणि पाड्यावरची बाई ते विकते. अंड्याचा पैसा बहुतेक घरांत बाईच्याच हातात राहतो. मुलाची वही, स्वतःचं औषध, गटाचा हप्ता त्यातून निघतो. म्हणून ही कोंबडी नीट सांभाळली पाहिजे.

आता सगळ्यांत आधी त्या प्रश्नाकडे येऊ, जो आजकाल गटागटांत विचारला जातो: पिंजरा घ्यावा का? तारेचे तयार पिंजरे विकणारे लोक येतात. जागा कमी लागते, अंडं घरंगळत पुढे येतं, विष्ठा खाली पडते, हात घाण होत नाहीत, असं सांगतात. यातलं काही खोटं नाही. मोठ्या फार्मवर हजारो कोंबड्या याच पद्धतीने ठेवतात. अंडी स्वच्छ मिळतात, पोटातले जंत आणि रक्ती हगवण कमी होते, मजूर कमी लागतात.

पण दुसरी बाजूही बघा. आपल्या देशात पिंजऱ्यात एका कोंबडीला साधारण ४५० चौरस सेंटिमीटर जागा देण्याची पद्धत होती. मुलांच्या प्रोजेक्टचा जो ए-फोर कागद असतो, तो ६२० चौरस सेंटिमीटरपेक्षा थोडा मोठा असतो. म्हणजे कोंबडीला त्या कागदाएवढीही जागा नाही. तिला पंख पसरता येत नाहीत, जमीन उकरता येत नाही, आडोशाला जाऊन अंडं घालता येत नाही. चालणं-उडणंच नसल्याने हाडं ठिसूळ होतात. युरोपातल्या देशांनी असे साधे पिंजरे १ जानेवारी २०१२ पासून बंद केले. आपल्याकडे विधी आयोगाने जुलै २०१७ मध्ये आपल्या २६९व्या अहवालात याच विषयावर सरकारला शिफारशी केल्या. पुढे २०२३ साली केंद्र सरकारने अंड्यांच्या कोंबड्यांसाठी नियम काढले, त्यात एका पक्ष्यामागे किमान ५५० चौरस सेंटिमीटर जागा सांगितली आहे. तरीही तो कागदापेक्षा लहानच तुकडा.

दया बाजूला ठेवून नुसता हिशेब केला, तरी आपल्या गटाला पिंजरा परवडत नाही असं माझं मत आहे. आपल्या राज्याच्या योजनेत तलंगांचा गट मिळतो, त्यात २५ तलंगा आणि ३ कोंबडे असतात. अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण १०० ते ११० ग्रॅम खाते. २८ पक्ष्यांना रोज तीन किलो, महिन्याला नव्वद किलो खाद्य. पिंजऱ्यातल्या कोंबडीला त्यातला प्रत्येक दाणा विकत आणून घालावा लागतो. मोकळी फिरणारी कोंबडी किडे, वाळवी, गवताचं बी, पडलेलं धान्य, भाजीचे देठ यांवर पोटाचा बराच भाग भागवते. शिवाय गिऱ्हाईक आपल्याकडे येतं ते मोकळ्या कोंबडीच्या अंड्यासाठी. पिंजऱ्यातलं अंडं त्याला दुकानातही मिळतं. मग कर्ज काढून आपण आपलंच वेगळेपण का घालवायचं?

तर खुराडा बांधायचा. कसा? त्यासाठी आधी कोंबडी कोण आहे हे बघू.

आपली पाळीव कोंबडी मुख्यतः लाल रानकोंबड्यापासून आली. आपल्या सह्याद्रीत दिसतो तो करडा रानकोंबडा. शास्त्रज्ञांना असं आढळलं आहे की पाळीव कोंबड्यांच्या पायांचा पिवळा रंग या करड्या रानकोंबड्याकडून आला. म्हणजे तिच्या अंगात थोडा सह्याद्रीही आहे. ही रानातली बाई दिवसा झाडाखालचा पाचोळा उकरते, दुपारी धुळीत लोळते, अंडं घालायला झुडपात लपते आणि रात्री झाडावर चढून झोपते. हजारो वर्षं माणसाजवळ राहूनही हे तिने सोडलेलं नाही. वर्षाला दहा-वीस अंडी देणारीला माणसाने तीनशे अंड्यांपर्यंत नेलं, पण स्वभाव तोच राहिला. खुराडा या स्वभावाला धरून बांधला तर आपलं काम कमी होतं. स्वभावाच्या उलट बांधला तर रोज भांडण.

पहिली गोष्ट, झोपायची जागा. कोंबडी उंचावर, दांडीवर झोपते. ती दांडीवर बसली की पायाच्या शिरा आपोआप ताणल्या जातात आणि बोटं दांडीला घट्ट धरतात, म्हणून झोपेतही पडत नाही. दांडी नसेल तर ती जमिनीवर स्वतःच्या विष्ठेत बसते, ओल आणि उवा-पिसवा अंगाला लागतात. दांडी दीड ते दोन इंच जाडीची, कडा गोल केलेली, लाकडाची किंवा जाड बांबूची असावी. लोखंडी पाइप थंडीत गार पडतो, उन्हाळ्यात तापतो आणि पाय घसरतो. एका कोंबडीला आठ इंच दांडी धरा. २८ पक्ष्यांना एकोणीस फुटांच्या आसपास, म्हणजे सात फुटी तीन दांड्या पुरतात. भिंतीपासून एक फूट आणि दोन दांड्यांमध्ये एक फूट अंतर ठेवा. तिन्ही एकाच उंचीवर, जमिनीपासून अडीच फुटांवर बसवा. शिडीसारख्या खाली-वर बसवल्या तर सगळ्यांना वरचीच हवी असते, मग संध्याकाळी ढकलाढकली होते आणि वरच्यांची घाण खालच्यांच्या अंगावर पडते. फार उंच दांडीही नको. वजनदार सुधारित जातीची कोंबडी उंचावरून उडी मारताना छातीचं हाड दुखावून घेते.

दुसरी गोष्ट, अंडं घालायची जागा. इथे मी एका गटाची हकिगत सांगते. नाव सांगत नाही. दहा जणींनी मिळून कोंबड्या घेतल्या. दोघी-दोघींनी पाळी लावून घेतली, सकाळी दार उघडायचं, अंडी गोळा करायची, वहीत लिहायची. पहिला महिना बरा गेला. मग आकडे घसरायला लागले. एका जोडीच्या दिवशी अठरा अंडी, दुसऱ्या जोडीच्या दिवशी अकरा. कुजबुज सुरू झाली. कुणाच्या घरी पाहुणे आले होते, कुणाच्या पोराच्या डब्यात अंडं होतं, इथपर्यंत गेलं. बैठकीत एक जण उठून म्हणाली, माझे पैसे द्या, मला गटात राहायचं नाही. नंतर घराच्या मागे रचून ठेवलेल्या कारवीच्या भाऱ्याखाली कुणीतरी हात घातला, तर तिथे वीसच्या वर अंडी. काही तर सडलेली. चोर कोंबडीच होती.

असं का झालं? खुराड्यात अंड्यांसाठी खोकी ठेवली होती, पण बरोबर दारासमोर, लख्ख उजेडात. अंडं घालण्याआधी तासभर कोंबडी बेचैन होते. इकडे तिकडे फिरते, डोकावते, बारीक आवाज काढते. ती शोधत असते अंधारी, आडोशाची, मऊ जागा, जिथे तिला कुणी बघणार नाही. घरात ती मिळाली नाही तर ती बाहेर शोधते आणि एकीने शोधली की बाकीच्याही तिथेच जातात, कारण आधी घातलेलं अंडं दिसलं की कोंबडीला ती जागा भरवशाची वाटते. ज्या जोडीच्या दिवशी दार उशिरा उघडलं जायचं, त्या दिवशी बऱ्याच जणी आतच अंडं घालून मोकळ्या व्हायच्या. ज्या जोडीच्या दिवशी दार पहाटे उघडायचं, त्या दिवशी अंडी कारवीखाली. म्हणजे लवकर उठून काम करणाऱ्या बायकांवरच चोरीचा आळ आला होता. गट तुटायचा राहिला तो त्या कारवीच्या भाऱ्यामुळे.

म्हणून अंड्याची पेटी नीट करा. एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फुटापेक्षा थोडी उंच. चार-पाच कोंबड्यांना एक पेटी, म्हणजे २५ कोंबड्यांना पाच किंवा सहा. खुराड्याच्या सगळ्यांत अंधाऱ्या भिंतीला लावा, पुढे गोणपाटाचा अर्धा पडदा सोडा, आत वाळलेलं गवत किंवा भाताचा पेंढा घाला. जमिनीपासून दीड फूट उंच ठेवा, पण दांडीपेक्षा खाली. पेटी दांडीपेक्षा उंच झाली तर कोंबड्या पेटीतच झोपायला चढतात आणि अंडी घाणीने भरतात. सुरुवातीला पेटीत एक खोटं अंडं ठेवा, पांढरा गुळगुळीत दगड किंवा प्लास्टिकचा चेंडू चालतो. आणि सकाळी नऊ-दहापर्यंत कोंबड्या बाहेर सोडू नका, बहुतेक अंडी तोवर आत पडतात. अंडी दिवसातून दोन-तीनदा उचला. पडून राहिलेलं अंडं फुटतं, फुटलेलं कोंबडी चाखते आणि ती सवय लागली की सुटत नाही.

याच ओघात आणखी एक. कोंबडी रोज अंडं का देत नाही, असं नव्या बायका विचारतात. एक अंडं पोटात तयार व्हायला साधारण पंचवीस तास लागतात. म्हणजे आज सातला दिलं तर उद्या आठला, परवा नऊला. असं करत करत वेळ दुपारकडे सरकते आणि मग ती एक दिवस खाडा करते. तिच्या खाड्यासाठी कुणावर संशय घेऊ नका.

तिसरी गोष्ट, उकरणं आणि लोळणं. पोट भरलेलं असलं तरी कोंबडी उकरतेच. तिला काही उकरायला मिळालं नाही, तर तिची चोच शेजारणीच्या पिसांकडे वळते. आधी पीस ओढते, मग रक्त येतं आणि लाल रंग दिसला की बाकीच्याही तुटून पडतात. मोठ्या फार्मवर यावर उपाय म्हणून चोचीचं टोक कापतात. त्याने जखम कमी होते, कारण जात नाही. कारणं असतात गर्दी, जास्त झगझगीत उजेड, खाद्यात प्रथिनं किंवा मीठ कमी पडणं, अंगावर उवा आणि रिकामपण. आपण काय करायचं? जखमी कोंबडीला लगेच वेगळं डालग्याखाली ठेवायचं. जखमेवर हळद लावायची. खुराड्यात कोबीची पानं, शेवग्याचा पाला, पालकाची जुडी चोचीच्या उंचीवर दोरीने टांगायची. दाणे ताटलीत सगळे न देता मूठभर गादीवर उधळायचे. तिचा वेळही जातो आणि गादीही उलटसुलट होऊन कोरडी राहते.

धुळीत लोळणं म्हणजे तिची आंघोळ. एक-दोन दिवसाआड, बहुधा दुपारी, ती धूळ पंखांत भरून घेते आणि मग झटकते. जास्तीचं तेल आणि उवा त्याबरोबर पडतात. पावसाळ्यात बाहेर चिखल असतो, तेव्हा खुराड्याच्या कोपऱ्यात घमेल्यात किंवा जुन्या टायरमध्ये कोरडी माती आणि चुलीतली राख मिसळून ठेवा. खर्च काही नाही.

चौथी गोष्ट, मानपान. हो, कोंबड्यांतही असतो. शंभर वर्षांपूर्वी नॉर्वेच्या एका अभ्यासकाने हे नीट लिहून ठेवलं. कळपात पहिली कोण, दुसरी कोण, सगळ्यांत शेवटची कोण, हे टोचून टोचून ठरतं आणि एकदा ठरलं की शांतता होते. पण खाद्याचं भांडं एकच आणि छोटं असेल, तर शेवटची कोंबडी रोज उपाशी राहते. ती अंडं देत नाही आणि आपण म्हणतो ही कोंबडीच वाईट. प्रत्येकीला भांड्याची चार इंच कड मिळाली पाहिजे. दोन्ही बाजूंनी खाता येईल अशी पाच फुटी पन्हळ २८ जणींना पुरते. ती दोन तुकड्यांत, दोन ठिकाणी ठेवली तर आणखी चांगलं. पाणीही दोन ठिकाणी हवं. नव्या कोंबड्या आणाल तेव्हा एकटी-दुकटी आणू नका, आणि रात्री अंधारात दांडीवर बसवा. आठ-दहा कोंबड्यांमागे एकच कोंबडा, जास्त कोंबडे म्हणजे कोंबड्यांच्या पाठी सोलून निघतात.

आणि खुडूक कोंबडी? ती पेटी अडवून बसते आणि अंडी थांबतात. पिल्लं हवी असतील तर तिला वेगळ्या जागी अंडी देऊन २१ दिवस बसू द्या. नको असतील तर तिला पाण्यात बुडवणं, नाकात पीस घालणं असले प्रकार करू नका. जाळीच्या तळाच्या खोक्यात, जमिनीपासून उंचावर, दाणापाणी देऊन तीन-चार दिवस ठेवा. पोटाखालून वारा लागला की खुडूकपण उतरतं.

आता आपलं हवामान. मुंबई-कोकणाकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस. त्यामुळे जागा उंचावरची निवडा, जोतं फूट-दीड फूट घ्या, छपराची वळचण तीन फूट बाहेर काढा. लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन लांब भिंतींतून आत येत नाही. लांबीच्या दोन्ही भिंती खाली फूटभर बंद आणि वर जाळी असाव्यात. पावसाच्या बाजूला गोणपाटाचे पडदे लावा, पण वरचा हातभर भाग उघडा ठेवा. सगळं बंद केलं तर विष्ठेचा वास कोंडतो. आत गेल्यावर आपले डोळे चुरचुरले तर समजा कोंबडीची छातीही भरली आहे.

खाली भाताच्या तुसाची तीन-चार इंच गादी घाला. रोज मूठभर घेऊन दाबून बघा. गोळा झाला आणि तसाच राहिला तर गादी ओली आहे, उकरून थोडा चुना मिसळा आणि नवा तूस घाला. मूठ उघडताच विस्कटली तर ठीक. ओल्या गादीतूनच रक्ती हगवण पसरते. ही गादी पुढे शेताला, परसबागेला उत्तम खत होते.

उन्हाळ्यात कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडी टाकून धापा टाकते. जास्त धापा टाकल्या की अंड्याचं कवच पातळ होतं. नुसता शिंपला चारून ते भरून निघत नाही, आधी गारवा हवा. पत्र्यावर चुना मारा, झावळ्या किंवा पेंढा टाका, वेल चढवा. मधली उंची सहा-सात फूट ठेवा. पाणी सावलीत, मातीच्या भांड्यात ठेवा आणि दुपारी बदला. एरवी कोंबडी दिवसाला पाव लिटर पिते, उन्हाळ्यात त्याहून बरंच जास्त.

हिवाळ्यात अंडी का घटतात? थंडीमुळे असं आपण म्हणतो, पण मोठं कारण उजेड. भरपूर अंड्यांसाठी तिला चौदा ते सोळा तास उजेड लागतो. डिसेंबरात आपल्याकडे दिवस अकरा तासांचा. एक छोटा एलईडी दिवा पहाटे लावला तर फरक पडतो. दिवा संध्याकाळी नको. तो एकदम बंद केला की कोंबड्या अंधारात खालीच अडकतात, दांडीवर जाता येत नाही.

पाचवी गोष्ट, वैरी. मुंगूस, घूस, रानमांजर, उदमांजर, साप, कुत्री. आरेत आणि उद्यानाकडेला तर बिबट्याही फिरतो. नेहमीची एक इंची कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, वैऱ्याला बाहेर ठेवत नाही. खालचे दोन फूट तरी अर्ध्या इंचाची जाड वेल्डेड जाळी लावा आणि ती जमिनीत फूटभर पुरा. दाराला बाहेरून कडी आणि खिळा दोन्ही हवं. कोंबड्या तिन्हीसांजेला आपणहून घरी येतात, पण दार लावताना मोजा. नवीन तलंगा आठवडाभर बाहेर सोडू नका, घर कुठलं हे त्यांना कळू द्या. खुराडा घराला लागून बांधा, आवाज झाला तर ऐकू येईल इतक्या जवळ. मेलेली कोंबडी किंवा आतडी उकिरड्यावर टाकू नका, पुरा. तो वास बिबट्याला वस्तीत बोलावतो.

रोगाचंही रचनेशी नातं आहे. बर्ड फ्लू देशात पहिल्यांदा आढळला तो आपल्याच राज्यात, नंदुरबारच्या नवापूरला, फेब्रुवारी २००६ मध्ये. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या मेल्या आणि त्याच सुमारास मुंबईत मेलेल्या कावळ्यांतही हा रोग सापडला. म्हणून खाद्य आणि पाणी छपराखाली ठेवा, कावळे-चिमण्या त्यात तोंड घालणार नाहीत असं. खुराड्यात जायची चप्पल वेगळी ठेवा. मानमोडीची आणि देवीची लस वेळेवर टोचून घ्या. आणि एकाएकी बऱ्याच कोंबड्या मेल्या तर लपवू नका, विकू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी कळवा.

आता सगळा हिशेब एका ठिकाणी. दिवसा मोकळ्या आणि रात्री आत, अशा कोंबडीला दीड चौरस फूट जागा. २८ पक्ष्यांना ४२ चौरस फूट, म्हणजे सात बाय सहाचा खुराडा. दिवसभर आतच ठेवायच्या असतील तर कोंबडीमागे दोन-अडीच फूट धरा. सात फुटी तीन दांड्या, सहा पेट्या, खाद्याच्या दोन पन्हळी, पाण्याची दोन भांडी, राखेचं एक घमेलं.

आणि सगळ्यांत शेवटी, पण माझ्या मते सगळ्यांत आधी: दार बाईच्या उंचीचं ठेवा. तीन फुटांचा खुराडा स्वस्त पडतो, पण त्यात वाकून, रांगत जाऊन झाडायचं कुणी? आपणच. कंबर दुखली की आज राहू दे, उद्या झाडू, असं होतं आणि तिथून रोग सुरू होतो. उभं राहता आलं पाहिजे. अंड्याच्या पेट्यांना बाहेरून उघडणारं झाकण करा, म्हणजे आत न जाता अंडी काढता येतात. गरोदर सुनेला, गुडघे दुखणाऱ्या आजीलाही ते काम जमतं. गवंड्याला किंवा सुताराला हे सगळं माहीत नसतं. तो कुणालाही बांधून देईल तसंच बांधून देतो. त्याच्याजवळ उभं राहून सांगायचं काम आपलं.

पुढच्या बैठकीत एवढं करा. कोंबड्या आणायच्या आधी गटातल्या दोघींनी चुन्याने जमिनीवर सात बाय सहा आखून बघायचं, दार कुठे, अंधारी भिंत कुठली, पाऊस कुठून येतो हे ठरवायचं. ज्यांच्याकडे कोंबड्या आधीच आहेत, त्यांनी एक दिवस सकाळी दोन तास खुराड्यासमोर नुसतं बसायचं. कोण कुठे अंडं घालायला जाते, कोण उपाशी राहते, कोण कुणाला टोचते, हे वहीत लिहायचं. दोन तासांत जे दिसेल ते कुठल्या विक्रेत्याने सांगितलेलं नसेल.

प्रश्न असतील तर आपल्या गटाच्या प्रतिनिधीकडे लिहून द्या, पुढच्या भागात कोंबडीच्या खाद्याविषयी बोलू तेव्हा उत्तरं देईन.